वानखेडे काकूंचं स्वस्त तिकीट

आमच्या सोसायटीत कुणी युरोपला जायचं ठरवलं की आधी वानखेडे काकूंची वेळ घ्यावी लागे. व्हिसा त्या मानाने लवकर मिळे. काकू समोरच्या खुर्चीत बसवत आणि पहिला प्रश्न विचारत, "जाऊन काय करणार?" वकिलातीतल्या गोऱ्या साहेबासमोर एवढं गडबडायला होत नाही, असं बी विंगमधले एक गृहस्थ म्हणायचे. ते स्वतः निवृत्त पोलीस अधिकारी होते.

काकू मूळच्या अकोल्याकडच्या. नवरा हडपसरच्या एका कारखान्यात होता, म्हणून पुण्यात आल्या, वीज खात्यात चिकटल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता मुलगा पंकज जर्मनीत, न्यूरेंबर्गला. तो शिकायला गेला तेव्हा त्याच्या आगगाडीच्या प्रवासांची तिकिटं काकू इथून, ए विंगच्या तिसऱ्या मजल्यावरून काढायच्या. पोरगा आळशी, ऐन वेळी स्टेशनवर जाऊन दुप्पट पैसे मोजणारा. आई इथे बसून महिनोन्‌महिने आधी स्वस्त तिकिटं हेरून ठेवणारी. मुलाचं शिक्षण संपलं, नोकरी लागली, त्याने मोटार घेतली. त्याला आगगाडी लागेनाशी झाली. काकूंचं शिक्षण मात्र सुरूच राहिलं, आणि त्याचा फायदा आम्हा सगळ्यांना झाला.

त्यांची एक पद्धत होती. व्हॉट्सॲपवर पासपोर्टचा फोटो पाठवला आणि 'काकू, तेवढं बघा ना' म्हटलं, तर उत्तर येत नसे. प्रत्यक्ष यायचं. कॉम्प्युटरसमोर दोन खुर्च्या असत. डावीकडची आपली. आपलं नाव आपण स्वतः टाकायचं. "उद्या चुकलं तर माझ्या नावानं बोंब नको," हे कारण त्या सांगत. दहा मिनिटांच्या कामाला काकू अख्खी संध्याकाळ लावत. आधी नकाशा. मग कुठल्या बाजूला बसलं की नदी दिसते ते. मग कच्चा चिवडा, ज्यात हिरवी मिरची अशी दडवलेली असे की पुणेरी माणसाच्या डोळ्यांतून नदी आधीच वाहू लागे. मग पुन्हा नकाशा. आपण चुळबुळ केली की म्हणत, "घाई काहून करून राहिले? गाडी जूनमध्ये आहे."

पैसे घेत नसत. पैशाचा विषय काढला तर अपमान झाल्यासारख्या उठून चहा टाकायला जात, म्हणजे आणखी अर्धा तास.

तिकडच्या तिकिटांचा त्यांचा सिद्धांत सोपा होता. स्वस्त तिकीट फार आधी काढायचं, ते त्याच दिवशी त्याच गाडीला चालतं, बदलता येत नाही आणि परतही करता येत नाही. "आपल्याकडं तिकीट मिळालं की माणूस सुटतो," काकू म्हणत. "तिकडं तिकीट घेतलं की माणूस अडकतो."

माझी आणि त्यांची खरी ओळख झाली ती माझ्या हुशारीमुळे. मी पंप बनवणाऱ्या एका कंपनीत खरेदी विभागात आहे. घासाघीस हा माझा पोटापाण्याचा उद्योग. त्यामुळे आम्ही तिघांनी, म्हणजे मी, बायको मनीषा आणि मुलगी ईशाने, स्वित्झर्लंडला जायचं ठरवलं तेव्हा, आपण खरेदीतला माणूस असताना तिसऱ्या मजल्यावर मिरच्या खायला कशाला जायचं, असं मला वाटलं. मी घरीच बसून वेबसाइटवर तिकिटं काढली. तिथे एक चौकोन होता. त्यावर खूण केली की भाडं सरळ निम्मं होत होतं. मी तीनदा खूण करून पाहिली, तीनदा निम्मं झालं. एवढी मोठी सूट दिसत असताना लोक खूण का करत नसावेत, याचं मला नवल वाटलं. मी खूण केली, पैसे भरले आणि त्या संध्याकाळी खाली बाकड्यावर बसून चार लोकांना ही गोष्ट सांगितली. बाकड्याचा एक कोपरा काकूंचा होता.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं, जराशा हसल्या. मग विचारलं, "ते कार्ड कुठं आहे?"

"कोणतं कार्ड?"

"अर्ध्या भाड्याचं. तुमच्याजवळ आहे म्हणून तुम्ही लिहून दिलं न."

बाकड्यावर जी शांतता पसरली ती पुण्यात सहसा पसरत नाही. ज्यांच्याकडे सवलतीचं विकत घेतलेलं कार्ड आहे, त्यांच्यासाठी तो चौकोन होता. मी तिघांच्या वतीने खोटं बोलून, परत न होणारी तिकिटं घेऊन बसलो होतो. घरी गेल्यावर मनीषा एवढंच म्हणाली, "कंपनीत पण असंच घेता का हो पंप?"

दुसऱ्या दिवशी मी डावीकडच्या खुर्चीत जाऊन बसलो. काकूंनी एका शब्दाने टोचलं नाही. ते कार्ड परदेशी पाहुण्यांना महिन्याभरासाठी मिळतं, ते आता तिघांनी घ्यायचं, म्हणजे खोटं बोललेलं खरं होईल, असं त्यांनी सांगितलं. मात्र कार्डाचे पैसे वसूल व्हायला हवेत, म्हणून त्यांनी आमची सहल नव्याने आखली. परिणाम असा झाला की स्वित्झर्लंडमध्ये आम्ही दिसेल त्या डोंगरावर आगगाडीने चढलो. एका डोंगरावर तर धुक्यामुळे शेजारी उभी असलेली मनीषासुद्धा दिसत नव्हती. पण निम्म्या भाड्यात दिसत नव्हती.

त्याच सहलीतला दुसरा प्रसंग फ्रँकफर्टचा. आमचं विमान तिथे उतरलं होतं, पुढे स्वित्झर्लंडपर्यंत आगगाडी. विमानतळाखालीच स्टेशन. काकूंनी काढून दिलेली गाडी अगदी वेळेवर आली. आमचा डबा आमच्या नाकासमोर उभा राहिला. दार बंद होतं. आम्ही तिघं बॅगा घेऊन दारासमोर ओळीने उभे राहिलो. परदेशात आपण शिस्तीने वागायचं हे मी दोघींना विमानातच बजावून ठेवलं होतं. दार उघडेल, उतरणारे उतरतील, मग आपण चढू. उतरणारं कुणी नव्हतं. दार उघडलं नाही. गाडी सुटली. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही रांग लावली आणि त्या रांगेला सोडून गाडी निघून गेली.

दारावर एक बटण होतं. ते आपण दाबायचं असतं.

मी काकूंना फोन लावला. त्यांनी विचारलं, गाडी गेली का. मी म्हटलं, गेली. "वेळेवर?" मी म्हटलं, हो. "मग बरोबर गेली," काकू म्हणाल्या, आणि आम्ही फलाटावर बॅगांवर बसलेलो असताना त्यांनी हडपसरहून पुढच्या गाडीची तिकिटं काढून पाठवली. तेवढ्या वेळात फलाट कसा आहे, कुणी डबे खात बसतं का, घोषणा करणारी बाई घाईत बोलते का, सगळं विचारून घेतलं. परत आल्यावर मी पेढे घेऊन गेलो, तर त्याच खट्टू. बटणाचं मी सांगायला पाहिजे होतं म्हणाल्या. तेव्हापासून ज्याला तिकीट काढून देत त्याला निघताना दाराशी नेत आणि स्वतःच्या घराची बेल दाबायला लावत. "असं. आपण होऊन. तिकडं कुणी उघडत नाही." निवृत्त पोलीस अधिकाऱ्यानेही ती बेल दाबली आहे. मी पाहिलं आहे.

एवढं सगळं करणारी बाई स्वतः एकदाही परदेशी गेली नव्हती. हे आम्हाला माहीत होतं, पण डोक्यात शिरलेलं नव्हतं. राईन नदीच्या प्रत्येक वळणावर कुठला किल्ला आहे हे त्या अशा सांगत की त्या तिथे राहून आल्या आहेत असंच वाटे. पंकजचा विषय निघाला तर म्हणत, "यंदा जाईन." आपण म्हणायचं, वा. विषय संपला.

एका जूनमधली गोष्ट. मी तेव्हा सोसायटीचा सचिव होतो. सचिव म्हणजे पाणी येणार नाही हे दारोदार सांगणारा माणूस. खडकवासल्याकडून येणारं पाणी गुरुवारी बंद राहणार, हे सांगायला मी दुपारी काकूंकडे गेलो. दार उघडंच होतं. काकू ठेवणीतली जांभळी साडी नेसून, केसांना तेल-पाणी करून कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. बाजूला स्टीलचा डबा. मला वाटलं, कुठे लग्नकार्याला निघाल्यात. मी म्हटलं, "बाहेर निघालात वाटतं?"

"निघाले काय, अर्ध्या रस्त्यात आहे," काकू म्हणाल्या. "बसा. आशाफेनबुर्ग गेलं आत्ता."

पडद्यावर नकाशा होता आणि त्यावर एक लाल ठिपका हळूहळू सरकत होता. फ्रँकफर्टहून न्यूरेंबर्गला निघालेली ती गाडी होती. त्या गाडीत खिडकीजवळची एक जागा काकूंची होती. रीतसर, पैसे भरून, स्वतःचं नाव स्वतः टाकून घेतलेली.

मग त्यांनी सांगितलं, अगदी साधेपणाने, जसं दुधाचा भाव वाढल्याचं सांगावं. थंडीत तिकिटं खुली झाली की तेव्हाच स्वस्त मिळतात. पंकज डिसेंबरात म्हणतो, उन्हाळ्यात ये. म्हणून त्या काढून ठेवतात. मग उन्हाळा जवळ येतो आणि काहीतरी होतं. पहिल्या वर्षी तो घर बदलत होता. दुसऱ्या वर्षी बाळ झालं, तेव्हा सुनेची आई आली होती, आणि जागा लहान. यंदा कामाचा फार ताण आहे म्हणाला. तिकीट परत होत नाही. टाकून द्यायचं तर जीव होत नाही. म्हणून त्या दिवशी त्या घरची कामं लवकर उरकतात आणि गाडीबरोबर जातात.

"विमानाचं?" मी विचारलं. दुसरं काय विचारावं ते कळेना.

"विमानाचं नाही काढत. तेवढी वेडी नाही मी."

मी बसून राहिलो. उठणं बरं दिसलं नसतं, कारण गाडी चालत होती. काकूंनी डबा उघडला, त्यात दशम्या आणि तिळाची चटणी होती. वुर्झबुर्ग आलं तेव्हा त्यांनी मला द्राक्षांचे मळे कुठल्या बाजूला आहेत ते सांगितलं. गाडी जरा रखडली तेव्हा त्या अस्वस्थ झाल्या. पंकजला उगाच थांबावं लागेल, असं पुटपुटल्या आणि मग स्वतःच गप्प झाल्या. न्यूरेंबर्ग आलं. ठिपका थांबला. काकूंनी पदर सारखा केला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "चला. पोहोचले. चहा टाकते."

घरी येऊन मी मनीषाला सगळं सांगितलं. तिने गॅस बारीक केला. मग म्हणाली, "पाण्याचं सांगितलंत का?"

नव्हतं सांगितलं.

त्यानंतर दोन-एक वर्षांत काकूंकडची वर्दळ ओसरली. त्यात कुणाचा दोष नव्हता. पोरं फोनवर सगळं करू लागली. आमच्या ईशाने मैत्रिणींबरोबरच्या सहलीची तिकिटं रिक्षात बसल्या बसल्या काढली, मगरपट्टा चौकाच्या सिग्नलला सुरू करून पुढच्या सिग्नलला संपवली, आणि तीही काकू काढत त्या दरापेक्षा स्वस्त. खाली बाकड्यावर तिने कौतुकाने ते काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, "हो? बरं झालं. माझी पाठ सुटली." आणि नदी कुठल्या बाजूला आहे ते सांगू लागल्या. ईशाने कानांत काहीतरी घातलेलं होतं, त्यामुळे तिने गोड हसून मान हलवली.

पुढे एकदा काकूंचा नळ गळत होता म्हणून प्लंबरला घेऊन मी वर गेलो. कॉम्प्युटरसमोर एकच खुर्ची होती. दुसरी गच्चीच्या दारापाशी होती आणि तिच्यावर पापड वाळत होते.

मग एका डिसेंबरात, संध्याकाळी, काकू आमच्याकडे आल्या. त्या कुणाच्या घरी आपण होऊन जात नसत. त्यामुळे मनीषा चक्क गडबडली आणि टीव्ही बंद करायच्या ऐवजी मोठा करून बसली. काकू सोफ्याच्या टोकाला बसल्या आणि म्हणाल्या, "मी जाऊन राहिले, भाऊ. मेमध्ये. विमानाचंसुद्धा काढलं."

"वा! पंकजकडे?"

"नाही. व्हिएन्नाला."

व्हिएन्नाला काकूंचं कोण आहे, असं मनीषाने विचारलं. कुणीच नाही म्हणाल्या. "व्हिएन्नाला मला काही काम नाही. पण गाडी तिथपर्यंत जाते."

मग त्यांनी उलगडून सांगितलं. फ्रँकफर्टला उतरायचं. तिथून व्हिएन्नाची गाडी धरायची. ती गाडी न्यूरेंबर्गवरून जाते आणि तिथे चांगली चार-पाच मिनिटं थांबते. बाकीच्या गाड्या कमी थांबतात, त्यांनी सगळ्या तपासल्या होत्या. व्हिएन्नाला एक बरं हॉटेल बघून ठेवलं होतं. चार दिवस राहायचं आणि तिथूनच विमानाने परत. पंकजला कळवलं होतं की अमुक दिवशी तुझ्या स्टेशनवरून जाणार आहे, सोय असली तर फलाटावर ये.

"अहो पण काकू," मी म्हटलं, "तुम्ही सरळ त्याच्या घरीच का..."

"घरी येऊ का विचारलं की त्याला नाही म्हणावं लागते," काकू म्हणाल्या. "तो काही वाईट नाही, भाऊ. त्याला किती वेळा नाही म्हणायला लावायचं?"

मनीषाने पाण्याचा ग्लास त्यांच्या हातात दिला आणि जे मला विचारवत नव्हतं ते विचारलं. पंकज फलाटावर आलाच नाही तर?

"तर गाडी पुढं जाते. माझं आरक्षण आहे."

पुढचे पाच महिने सोसायटीने काकूंना सल्ले दिले. ज्यांना ज्यांना काकूंनी दाराची बेल दाबायला लावली होती त्या सगळ्यांनी येऊन त्यांना बटणाचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. व्हिसाच्या मुलाखतीत कुणीतरी त्यांना विचारलं म्हणे, जाऊन काय करणार, आणि त्यांनी उत्तर दिलं, "बघणार." शिक्का मिळाला. एक मोठी बॅग आणि नातवासाठी वेगळी कापडी पिशवी असं सामान होतं. पिशवीत विणलेला स्वेटर, तिळाची चटणी, लाकडी बैलजोडी आणि कसलेकसले डबे. वेळ थोडा, म्हणून दारातूनच देता येईल अशी ती स्वतंत्र बांधली होती. मुंबईच्या टॅक्सीत त्यांना बसवून आम्ही वर आलो आणि चार दिवस त्यांच्याबद्दल काही बोललो नाही.

परत आल्यावर बाकड्यावर त्यांचा सत्कारच झाला. व्हिएन्ना कसं आहे, असं सगळ्यांनी विचारलं. काकू म्हणाल्या, "स्वच्छ आहे. बाकडी पुष्कळ आहेत." राजवाडे बघितले का? बघितले, पायऱ्या फार. पंकजचं कुणी थेट विचारलं नाही. पुण्यात चौकशा फार होतात, पण नेमकं काय विचारायचं नाही हेही लोकांना कळतं.

आम्हाला मात्र त्यांनी वर बोलावलं. चहा केला. मग आपण होऊनच सांगायला लागल्या.

पंकज आला होता. सून कामावर होती. तो पोराचा हात धरून फलाटावर डबा शोधत पळत होता. काकूंनी दाराचं बटण आपण होऊन दाबलं. दार उघडलं आणि तो समोर. जाडा झालाय, केस गेलेत. पोरगा वडिलांच्या मांडीला चिकटून उभा. पढवल्यासारखं "आजी" म्हणाला. काकूंनी त्याच्या गालाला हात लावला, त्याने तो गाल पुसला, पण हसला. काकूंनी पिशवी दिली. पंकजने घेतली. सांभाळून ने, चटणी सांडेल, असं त्यांचं बोलणं झालं. एवढ्या वर्षांनी भेटल्यावर काय बोलायचं हे दोघांनाही ठरवून आणता आलं नव्हतं.

"मग तो म्हणाला, आई, उतर. घरी चल. उद्याच्या गाडीनं जा."

मनीषा पुढे सरकली. "मग?"

"मी म्हटलं, तिकीट याच गाडीचं आहे."

"अहो काकू!"

"तो म्हणाला, मी दुसरं काढतो. उतर." काकूंनी कपातल्या चहावरची साय बोटाने बाजूला केली. "तोंडानं म्हणाला. माझी बॅग माझ्या पायाशी होती, अगदी दारात. तिच्याकडं हात नाही गेला त्याचा. आपल्याकडं दारात कुणी आलं, तर या म्हणायच्या आधी आपण हातातली पिशवी घेतो न, वहिनी? बॅग घेतली असती तर मी काय गाडीत थांबले असते? मी म्हटलं, बरं आहे, मी पुढं जाते. शिटी झाली. दार लागलं."

खाली मुलं क्रिकेट खेळत होती. कुणीतरी बाद झाल्याचा आणि कुणीतरी ते न मानल्याचा आवाज येत होता.

मनीषाला राहवलं नाही. ती म्हणाली, त्याच्या एका हाताला मुलगा होता ना. फलाटावर एवढ्याशा पोराचा हात सोडणार कसा?

"हो," काकू म्हणाल्या. "एका हातात पोरगा होता. आणि दुसऱ्या हातात पिशवी होती. मीच दिलेली."

त्यांनी कप खाली ठेवला.

"त्याचे दोन्ही हात मीच भरून ठेवले होते, वहिनी. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा पासाऊ गेलं होतं. तिथून पुढं ऑस्ट्रिया लागते."

मी खरेदी विभागातला माणूस. मला अशा वेळी काहीतरी व्यवहारी सुचतं. मी म्हटलं, मग पुढच्या स्टेशनवर उतरून परतीची गाडी धरायची होती. त्या माझ्याकडे पाहून हसल्या, मी चौकोनावर खूण केल्याचं सांगितलं होतं तेव्हा हसल्या होत्या तशा. रात्री हॉटेलात पंकजचा फोन आला होता. पोहोचलीस का म्हणाला. पोहोचले म्हटलं. चटणी सांडली का विचारलं. नाही सांडली म्हणाला. मग फोन ठेवला.

हे तुम्ही त्याला सांगितलंत का, पिशवीचं, असं मनीषाने विचारलं. काकूंनी मान हलवली. फोनवर सांगण्यासारखं आहे का ते, म्हणाल्या. समोरासमोर बसून, दोन खुर्च्या टाकून सांगायची गोष्ट आहे.

त्यानंतर पंकजचे फोन जास्त यायला लागले, एवढं खरं. रविवारी काकूंच्या घरातून बोलण्याचा आवाज येई. दिवाळीत त्यांनी मला जिन्यात गाठून सांगितलं, की तो आता म्हणतो, आई, कधीही ये. तारीख तू ठरव, तिकीट मी काढतो, केव्हाही बदलता येणारं, महागातलं. मी म्हटलं, मग झालं तर, काढा तारीख. काकू कठड्याला धरून उभ्या होत्या. "सहा महिने आधी काढायची सवय आहे मला," त्या म्हणाल्या. "एक दिवस, एक गाडी. कधीही ये म्हणजे कधी, भाऊ?"

जानेवारीत त्यांची धाकटी बहीण अकोल्याला घरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तिलाही दुसरं कुणी नव्हतं. काकूंनी चार दिवसांत घर आवरलं. फ्लॅट सध्या बंद ठेवते म्हणाल्या. सध्या हा शब्द त्यांनी दोनदा वापरला, तेव्हाच मनीषा मला म्हणाली की या आता परत येत नाहीत.

पुणे स्टेशनवर मी त्यांना सोडायला गेलो. साधा स्लीपरचा डबा, खालची खिडकीची जागा. बॅगा मी सीटखाली सरकवल्या, पाण्याची बाटली आणून दिली, पंखा चालू होतो का पाहिलं. आणखी काय करावं ते सुचेना, म्हणून पंखा पुन्हा बंद करून पाहिला. काकू म्हणाल्या, "जा आता. गाडी सुटेपर्यंत थांबू नका. थांबलं की बोलत राहावं लागते." मी उतरलो, पण गेलो नाही. खिडकीपासून जरा मागे, खांबापाशी उभा राहिलो.

समोरच्या बाकावर एक बाई दोन पोरींना घेऊन बसली होती. काकूंनी पायातल्या चपला काढल्या, मांडी घातली आणि त्या बाईला विचारलं, कुठं उतरणार. मूर्तिजापूर, म्हणजे अकोल्याच्या जरा पुढचं गाव, ती म्हणाली असावी, कारण काकू एकदम खुलल्या आणि हाताने हवेत एक रस्ता काढून तिला दाखवू लागल्या. कुठून वळतो, कुठे काय लागतं. धाकटी पोरगी त्यांच्या बाजूला येऊन बसली. गाडी हलली. मी हात वर केला. काकूंचं तोंड आत होतं. त्या पोरीला पलीकडच्या खिडकीकडे वळवून त्या बाहेर बोट दाखवून काहीतरी सांगत होत्या, दुसऱ्याच बाजूला. डबा पुढे गेला, त्याच्या मागचे सगळे डबे गेले, शेवटी गार्डाचा डबा आला. माझा हात अजून वरच होता, म्हणून मग मी गार्डाला निरोप दिला. त्यानेही दिला.